‘सर्व मंडळी’ म्हणजे नेमकी कोण?

वंशावळीचं काम मी कागदांपासून सुरू केलं. जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेच्या जुन्या रजिस्टरांचे उतारे, एका वाटणीपत्राची नक्कल आणि आजोबांच्या हातची एक वही. यातून सहा पिढ्यांचा तक्ता उभा राहिला. घरच्यांना तो दाखवला की ते ‘वा, छान केलंस’ म्हणायचे आणि दोन मिनिटांत दुसऱ्या विषयावर जायचे. त्यांचं चुकत नव्हतं. पणजोबांचं नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल एवढं सगळं समोर असूनही पणजोबा माणूस म्हणून कसे होते, हे त्या तक्त्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं.

मग आत्याने घर बदलायचं ठरवलं आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठे ग्रुप फोटो, पोस्टकार्डच्या आकाराचे एकेकट्या माणसांचे फोटो, काळ्या कागदांचे दोन अल्बम, चिकट पानांचे तीन अल्बम, पाकिटांत गुंडाळी झालेल्या निगेटिव्ह, आणि तळाशी सुटे फोटो, पत्रं, एक कॅसेट. आत्या म्हणाली, “तू ते वंशावळीचं काहीतरी करतेस ना, मग हे घेऊन जा. माझ्याच्याने आता होणार नाही.”

मी ट्रंक घेतली, पण आत्यालाही सोडलं नाही. या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता असं मला आजही वाटतं. फोटो थांबू शकतात, कागद थांबू शकतात, ऐंशीच्या घरातली माणसं थांबत नाहीत. ज्यांच्याकडे अशी ट्रंक आणि असं माणूस दोन्ही आहे, त्यांनी स्कॅनर विकत घेण्याआधी त्या माणसाकडे जाऊन बसावं.

तरी फोटोंना हात लावण्यापूर्वी एक गोष्ट केली. ट्रंक जशी होती तशीच तिची थरांथरांनी मोबाइलवर छायाचित्रं घेतली. वरून काय दिसतं, एक गठ्ठा उचलल्यावर खाली काय आहे, कुठलं पाकीट कशाशेजारी होतं. दप्तरखान्यात काम करणारी माणसं मूळ क्रम मोडत नाहीत, कारण तो क्रम हीच एक माहिती असते. इथेही ते खरं ठरलं. एका पाकिटातल्या निगेटिव्ह आणि त्याला लागून असलेले सुटे फोटो एकाच रोलचे निघाले. त्यातल्या एका फोटोमागे तारीख होती, त्यामुळे बाकीच्या सगळ्यांची तारीख हाताला लागली. ते आकारानुसार लावून टाकले असते तर हा धागा कायमचा तुटला असता.

कुठून सुरुवात करायची, हा पुढचा प्रश्न. मन साहजिकच सर्वांत जुन्या फोटोंकडे धावतं. पण जुनं ते सगळ्यात नाजूक, असं फोटोंच्या बाबतीत नसतं. काळेपांढरे चांदीच्या क्षारांवरचे फोटो नीट धुतलेले असतील तर शंभर वर्षांनंतरही शाबूत असतात. फार तर गडद भागांवर चंदेरी-निळसर झाक येते. त्याउलट १९७०च्या दशकातले रंगीत फोटो अंधारात ठेवले तरी उडतात, कारण त्यांचा रंग सेंद्रिय रंगद्रव्यांचा असतो. निळसर-हिरवा थर आधी फिकटतो आणि सगळी माणसं तांबूस दिसायला लागतात. आमच्याकडे हेच दिसलं. पणजोबा स्वच्छ, आणि माझ्या आईवडिलांच्या तरुणपणीचे फोटो लालसर धुक्यात.

त्याहून वाईट अवस्था निगेटिव्हची होती. पाकीट उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. अ‍ॅसिटेटची फिल्म विघटित होऊ लागली की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल विघटन आणखी वेगाने करतं. बंद डब्यात शेजारच्या चांगल्या फिल्मलाही त्याची लागण होते. एकदा सुरू झालेलं हे मागे फिरवता येत नाही. थंडाव्यात ठेवून वेग कमी करता येतो, एवढंच. म्हणून वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या काढल्या आणि सगळ्यांत आधी त्याच स्कॅन केल्या. क्रम ठरला तो असा: आधी मरू घातलेलं, मग रंगीत, मग चिकट अल्बम, आणि शेवटी पुठ्ठ्यावरचे दणकट पूर्वज. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी तीन ते चार हजार डीपीआय (म्हणजे एका इंचात तेवढे बिंदू) लागतं, कारण मूळ चित्रच इवलंसं असतं.

चिकट अल्बमांविषयी जरा सांगायला हवं, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. पानावर डिंकाच्या रेघा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक. तो डिंक वर्षांनुवर्षं फोटोच्या पाठीत मुरतो आणि प्लॅस्टिक पीव्हीसीचं असेल तर त्यातूनही घातक द्रव्यं सुटतात. अशा पानांवरचे फोटो नखाने किंवा चाकूने उचकटायचे नाहीत. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवला की बरेचसे सुटतात. जे सुटत नाहीत ते तसेच ठेवून पानासकट त्यांचं छायाचित्र घ्यायचं. आणि सुटणारे असले तरी आधी अख्ख्या पानाचं छायाचित्र घ्यायचंच. आमच्या एका अल्बममध्ये आईने प्रत्येक फोटोखाली कागदाची पट्टी लावून दोन शब्द लिहिले होते. कुठली पट्टी कुठल्या फोटोची, हे पान मोडल्यावर कुणी सांगितलं असतं?

चौकटीतल्या एका फोटोची वरची बाजू ओलाव्याने काचेला चिकटली होती. अशा वेळी तो ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. मी तो काचेसकट, तिरक्या उजेडात, चमक येणार नाही अशा कोनातून टिपला आणि पुन्हा होता तसा ठेवला. पुढे कधी एखाद्या जाणत्या संवर्धकाकडे देता येईल.

स्कॅनिंगचं फार अवडंबर नको. साध्या सपाट स्कॅनरवर नेहमीच्या आकाराच्या फोटोला सहाशे डीपीआय पुरतं. चार बाय सहा इंचांचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० बिंदूंचा होतो आणि टिफ या फाइलच्या प्रकारात सुमारे २६ एमबी जागा घेतो. छोट्या फोटोंना आणि गर्दीच्या ग्रुप फोटोंना मी बाराशे ठेवलं. मूळ प्रत टिफमध्ये, कारण जेपेग दर वेळी बदलून साठवलं की थोडं थोडं हरवत जातं. यंत्राने आपणहून केलेल्या सुधारणा बंद ठेवायच्या. आणि पाठ स्कॅन करायची, कोरी दिसली तरी. पाठीवर पुसट शिक्का असतो, कागद बनवणाऱ्याचं नाव असतं, गोंदाचा डाग असतो, आणि त्या डागावरून हा फोटो आधी कुठल्या अल्बममध्ये होता हे कळतं.

पाठीने मला पुष्कळ दिलं. पोस्टकार्डच्या कागदावर छापलेले आमचे काही फोटो होते. मागच्या बाजूला उभी रेघ मारून मजकूर आणि पत्ता यांच्या जागा वेगळ्या केल्या असतील तर ते कार्ड विसाव्या शतकातलं धरायला हरकत नाही, कारण अशी विभागणी ब्रिटनने १९०२मध्ये आणि अमेरिकेने १९०७मध्ये मान्य केली. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर तर अनेकदा प्रक्रियेचा महिना आणि साल छापलेलंच असतं. यावरून फोटो काढल्याची नेमकी तारीख कळत नाही, पण कार्डावरून ‘याच्या आधीचा नाही’ आणि स्लाइडवरून ‘याच्या नंतरचा नाही’ हे कळतं, आणि वंशावळीत तेवढ्यानेही शंका फिटतात. एका तरुणाला आम्ही पणजोबांचे वडील समजत होतो. कागदाच्या पाठीने तो समज एका क्षणात मोडला. तेव्हा ते साठीच्या पुढे असणार होते.

आता त्या ग्रुप फोटोकडे येते.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, उजव्या कोपऱ्यात फोटोवाल्याचा उठावाचा शिक्का, मागे पेन्सिलीने दोनच शब्द: ‘सर्व मंडळी’. ज्याने लिहिलं त्याला ती सगळी माणसं रोज दिसत होती, नावं लिहायची गरजच काय! मध्ये खुर्चीवर पणजोबा, शेजारी पणजी, तिच्या मांडीवर तान्हं मूल. मागे उभे दोघे पुरुष, कडेला एक म्हातारी बाई. पुढे एक मुलगा आणि दोन मुली.

मांडीवरचं मूल म्हणजे माझे आजोबा, याविषयी घरात दुमत नव्हतं. त्यांचा जन्म १९२१चा. मूल जेमतेम बसतंय, म्हणजे फोटो त्या वर्षाच्या अखेरचा किंवा पुढच्या वर्षाचा. कुणाचं वय पक्कं ठाऊक असेल तर लहान मूल हे फोटोतलं सर्वांत भरवशाचं घड्याळ असतं. मोठ्या माणसाचं वय पाच-सात वर्षांनी सहज चुकतं, तान्ह्या मुलाचं चुकत नाही.

पण माझ्या तक्त्यात पणजोबांना चार अपत्यं होती: थोरला मुलगा, मग ताईआजी (आजोबांची मोठी बहीण, आत्याची ताईआत्या), मग आजोबा, आणि त्यांच्या पाठचा धाकटा भाऊ, जो फोटोच्या वेळी जन्मलाच नव्हता. म्हणजे फोटोत तीन मुलं हवीत. होती चार. एक मुलगी जास्तीची.

एखादी चुलतबहीण असू शकते, शेजारची असू शकते. फोटोवाला आला की आजूबाजूची मुलंही उभी राहायची. मी चेहरे ताडून पाहिले. चेहऱ्यात कान फार उपयोगी पडतो. वय वाढतं, केस जातात, नाकाभोवती मांस चढतं, पण कानाच्या पाळीची ठेवण आणि आतले उंचवटे फारसे बदलत नाहीत. दोन मुलींपैकी धाकटीचा कान ताईआजीच्या म्हातारपणीच्या फोटोशी जुळला. थोरली कोण, ते उमगेना.

आत्यासमोर फोटो ठेवला तो असा: टेबलावर फोटोची मोठी छापील प्रत, हातात भिंग, मोबाइल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला, पंखा बंद. सुरुवातीला मी तारीख, आत्याचं नाव, माझं नाव आणि फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हटला, म्हणजे ध्वनिमुद्रणाची फाइल कधी भरकटली तरी आतून ओळख पटेल. आणि ‘हे कोण’ असं विचारायचं टाळलं. ‘हे कोण’चं उत्तर एका शब्दात येतं, नाही तर ‘आठवत नाही बाई’ असं येतं आणि विषय संपतो. मी विचारलं, “आत्या, या फोटोविषयी घरात काय बोलायचे?”

फोटो समोर ठेवून बोलतं करण्याची ही रीत मानवशास्त्राच्या अभ्यासकांनीही वापरली आहे. अमेरिकेतल्या जॉन कॉलियर यांनी १९५७मध्ये तिच्यावर लेख लिहिला होता. चित्र समोर असलं की माणूस तपशिलात शिरतो, आणि मुख्य म्हणजे परीक्षा दिल्यासारखं अवघडून बसत नाही. आत्याचं तसंच झालं. ती सुरू झाली.

“अगं, या फोटोच्या वेळी ताईआत्या हलली म्हणून फोटोवाला तिच्यावर केवढा ओरडला होता. ताईआत्या स्वतःच सांगायची हे. ‘मी हलले, मी हलले’ म्हणून हसायची.”

मी काही बोलले नाही. आत्या भिंग फिरवत राहिली. मग म्हणाली, “पण आजी तेव्हा हसायची नाही. उठून आत जायची.” आत्याची आजी म्हणजे माझी पणजी.

पुन्हा बराच वेळ शांतता. अशा वेळी पुढचा प्रश्न जिभेवर येतो. तो गिळायचा. आत्याने भिंग थोरल्या मुलीवर थांबवलं आणि म्हणाली, “ही ती असेल. आजीची एक मुलगी गेली होती. मोठी होती, असं म्हणायचे. तिच्याबद्दल कुणी विचारायचं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.”

घरी येऊन मी बाराशे डीपीआयचा स्कॅन पडद्यावर मोठा केला. धाकटी मुलगी, म्हणजे ताईआजी, लखलखीत स्पष्ट आहे. पापण्यासुद्धा मोजता येतील. थोरलीचा चेहरा स्पष्ट आहे, पण खुर्चीच्या हातावर ठेवलेला तिचा उजवा हात फराटला आहे. मनगटापर्यंत रेषा नीट, पुढे बोटांच्या जागी पांढुरका पट्टा. त्या काळी कॅमेऱ्याची काच पुष्कळदा सेकंद-दोन सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात तिने हात उचलला असणार. हलली ती ही. फोटोवाला ओरडला तो हिच्यावर.

गोष्ट खरी होती, फक्त तिची मालकीण बदलली होती. माझा तर्क असा, की ज्या मुलीचं नाव घरात निघत नव्हतं तिची गोष्ट घराने फेकून दिली नाही. जी मुलगी जिवंत होती तिच्या नावावर ती टाकली. ताईआजी तेव्हा चार वर्षांची. तिला लहानपणापासून सांगितलं गेलं आणि तिला ते स्वतःचंच आठवू लागलं. हा तर्क आहे, पुरावा नाही. नोंदीत मी तो तर्क म्हणूनच लिहिला आहे.

पण अशी मुलगी होती याचा पुरावा मिळाला, दुसऱ्या बाजूने. फोटोचं साल ठाऊक होतं, मुलीचं वय अंदाजे सहा-सात दिसत होतं, आणि आत्याला ती ‘लहानपणीच गेली’ एवढं माहीत होतं. एवढ्या तीन गोष्टींच्या जोरावर मृत्यूनोंदीच्या वह्या कुठल्या वर्षांच्या बघायच्या हे ठरलं. पूर्वी मी त्या वह्या फक्त माझ्या ओळखीच्या नावांसाठी चाळल्या होत्या. या वेळी नाव माहीत नव्हतं, म्हणून वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. १९२३च्या वहीत पणजोबांचं नाव सापडलं. मुलगी, वय वर्षं आठ, कारण ताप. आणि तिचं नाव.

आत्याला फोनवर ते नाव सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझं पाळण्यातलं दुसरं नाव आजीने हट्टाने तेच ठेवलं होतं. कुणी हाक मारली नाही कधी त्या नावाने, पण ठेवलं होतं.” हे तिनेही त्या क्षणापर्यंत कशाशी जोडलं नव्हतं.

वंशावळीच्या रूढ पद्धतींत या मुलीला जागाच नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा बोचलं. पूर्वजांना क्रमांक देण्याची एक जुनी आणि सुटसुटीत पद्धत आहे. मिखाएल आइत्सिंगर याने १५९०मध्ये छापलेल्या ग्रंथात ती येते. आपण १, वडील २, आई ३. कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. मोजायला झकास. पण त्यात फक्त थेट वरची माणसं बसतात. भावंडं नाहीत, अपत्यं न होता गेलेली माणसं नाहीत, घरात राहिलेली विधवा आत्या नाही. आणि गोष्टी बहुतेकदा याच माणसांजवळ असतात. मी ती पद्धत सोडून दिली. आमच्याकडे जो जसा सापडेल तसा त्याला पुढचा क्रमांक मिळतो. मुलगीही आहे, आणि तान्हेपणी गेलेली, नावही न ठेवलेली दोन मुलंसुद्धा आहेत.

याच फोटोवरून एक प्रसंग घडला. चुलतभावाने मोठ्या हौसेने तो फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकून रंगीत आणि ‘स्वच्छ’ करून आणला. चेहरे टवटवीत, कपड्यांना रंग. आणि त्या मुलीच्या हाताला पाच सुबक बोटं! यंत्राने फराटा ही खोट समजून पुसली आणि तिथे बोटं कल्पून काढली. त्याच्यासोबत फोटोतला एकुलता एक साक्षीदार गेला. डोळ्यांचंही तसंच असतं. पुसट चेहरा धारदार करताना अ‍ॅप ज्या पापण्या, ज्या बाहुल्या काढतं त्या आपल्या माणसाच्या नसतात. रंगीत प्रत भिंतीवर लावायला जरूर करावी, घरातल्या मुलांना ती आवडते. पण तिच्या फाइलच्या नावातच ‘रंगवलेली’ असं लिहावं आणि मूळ स्कॅनला कधी हात लावू नये. भावाला मी तो हात मोठा करून दाखवला. आता मूळ प्रतींचा कडक पहारेकरी तोच आहे.

सगळ्याच गोष्टी अशा जुळत नाहीत. आमच्या घराण्याने मूळ घर का सोडलं, याच्या दोन कहाण्या आहेत. आत्या म्हणते, पुरात भिंती गेल्या. थोरले चुलतकाका म्हणतात, पूर वगैरे काही नाही, भाऊबंदकी झाली आणि पणजोबा एका रात्रीत बाहेर पडले. वाटणीपत्राची तारीख काकांच्या बाजूने बोलते. पण ट्रंकेतल्या एका पत्रात ‘पाण्याने फार नुकसान केले’ असंही आहे, आणि ते पत्र वाटणीच्या आधीचं आहे. काकांना मी आत्याचं म्हणणं ऐकवलं नाही आणि आत्याला काकांचं. ऐकवलं की माणूस आठवायचं सोडून वाद घालायला लागतो. दोन्ही कहाण्या सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एक निवडून दुसरी खोडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

आता जोडणीबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे. नुसते फोटो फोल्डरमध्ये, नुसती नावं तक्त्यात आणि नुसतं ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये, असं राहिलं तर पुढच्या पिढीच्या हाती तीन मुकी गाठोडी पडतात. मी प्रत्येक फोटोला एक साधा क्रमांक दिला. तोच क्रमांक पाकिटावर, तोच स्कॅनच्या फाइलच्या नावात, तोच ध्वनिमुद्रणाच्या नावात आणि तोच वंशावळीत त्या माणसाच्या नोंदीखाली. फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने लिहिली. जिथे नाव नाही तिथे ‘अनोळखी, कडेची वृद्ध स्त्री’ असं लिहिलं, जागा मोकळी सोडली नाही. नाव कुणी सांगितलं तेही लिहिलं. ‘आत्याच्या सांगण्यावरून’ आणि ‘नोंदवहीवरून’ यांत फरक असतो.

ही माहिती चित्राच्या फाइलच्या आतही भरता येते. आयपीटीसी नावाच्या मानकानुसार मथळा, वर्णन, माणसांची नावं असे रकाने फाइलमध्येच असतात आणि बऱ्याच मोफत सॉफ्टवेअरमधून ते भरता येतात. मात्र मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की चित्र आवळलं जातं आणि आतला मजकूर बहुधा गळून जातो. नातेवाइकांना पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. आणि स्कॅनच्या फाइलला आपोआप पडणारी तारीख ही स्कॅन केल्याची असते, म्हणून १९२२चा फोटो यंत्राच्या लेखी या वर्षीचा होतो. ती तारीख हाताने बदलावी लागते.

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो जोडणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात वंशावळ न्यायची तर गेडकॉम नावाची फाइल वापरतात. मॉर्मन पंथाच्या चर्चने १९८४मध्ये ती आणली आणि आजही सगळीकडे तीच चालते. पण ती मजकुराची फाइल आहे. तिच्यात फोटो नसतो, फोटो कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता असतो. संगणक बदलला की पत्ता खोटा पडतो आणि शेकडो माणसं चेहऱ्यावाचून उरतात. २०२१मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत फोटोंसकट एकत्र गठ्ठा बांधायची सोय आहे, पण सगळी सॉफ्टवेअर तिथवर पोहोचलेली नाहीत. म्हणून माझी मूळ शिस्त साध्या फोल्डरांची आणि क्रमांकांची. उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइलचं नाव वाचता आलं की काम चालेल.

मूळ फोटोंची सोय साधी आहे. आम्लमुक्त कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीनचे खिसे. पीव्हीसी अजिबात नको. रबरबँड, क्लिपा, चिकटपट्टी नको. माळा नको, कारण तिथे ऊन तापतं, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. लिहायचं ते पाकिटावर, फोटो आत घालण्यापूर्वी. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिलेलं चालतं, बॉलपेनने नाही, कारण त्याचा उठाव पुढून चेहऱ्यावर दिसतो.

काही गोष्टी मी नोंदल्या, पण कुणाला दिलेल्या नाहीत. ध्वनिमुद्रण चालू असताना आत्या दोनदा म्हणाली, “हे मी असेपर्यंत कुणाला ऐकवू नकोस.” त्या फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत आणि अट फाइलसोबतच लिहून ठेवली आहे. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते नातेवाइकांत फिरणाऱ्या तक्त्यात घातलेले नाहीत. एका काकूंना त्यांच्या पहिल्या लग्नाचा फोटो अल्बममध्ये नको होता. मूळ फोटो पाकिटात सुरक्षित आहे, अल्बममध्ये नाही. घराण्याच्या इतिहासाचा हक्क मोठा की माणसाचा, असा प्रश्न इथे पडला तर मी माणसाच्या बाजूने आहे.

सगळ्या फाइलींच्या तीन प्रती आहेत: एक माझ्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मामेबहिणीकडे. वर्षातून एकदा आम्ही दोघी त्या उघडून पाहतो, कारण कपाटात पडून राहिलेली डिस्क बिघडली हे उघडल्याशिवाय कळत नाही. कॅसेट अजून व्हायची आहे. तिच्यावर ताईआजीचा आवाज आहे असं आत्या म्हणते. फीत कुठेकुठे चिकटलेली दिसते, म्हणून घरच्या टेपरेकॉर्डरवर न लावता जाणकाराकडे द्यायची ठरवली आहे. अनोळखी राहिलेल्या चेहऱ्यांचा एक छोटा संच क्रमांक टाकून सगळ्या शाखांच्या नातेवाइकांकडे पाठवला आहे. ग्रुप फोटोतली कडेची म्हातारी त्यात पहिली आहे. धाकट्या आजोबांच्या नातीने परवा कळवलं, की तसाच पडदा आणि तशीच खुर्ची असलेला एक फोटो त्यांच्याकडेही आहे आणि त्याच्या मागे तीन नावं लिहिलेली आहेत. पाठीचा फोटो पाठव, असं तिला लगेच लिहिलं आहे.